कुर्डुवाडीच्या उन्हात बोन्साय जगेल का? सुरुवात कशी करायची आणि सोबती कुठे शोधायचे?

पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं किंवा ऑनलाइन मागवलेलं छोटंसं बोन्साय घरी येतं. टीव्हीशेजारी जागा मिळते. पंधरा दिवस पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं जातं. महिन्याभरात पानं गळतात आणि 'आपल्याकडच्या हवेत हे जमत नाही' असं म्हणून कुंडी कोपऱ्यात जाते.

माढा तालुक्यातलं ऊन कडक आहे, हे खरं. पण बहुतेक वेळा झाड हवेमुळे मरत नाही. ते घरात ठेवल्यामुळे मरतं, नाहीतर घरातली मंडळी चार दिवस गावाला गेल्यामुळे. पहिली चूक आपली आपल्याला सुधारता येते. दुसरीसाठी मात्र माणूस लागतो.

बोन्साय म्हणजे नेमकं काय?

जपानी भाषेत 'बोन' म्हणजे तबकासारखी उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणं. ही कला मूळची चीनमधली, तिथं तिला पेन्जिंग म्हणतात. बोन्साय ही झाडाची वेगळी बुटकी जात नाही. त्याच झाडाचं बी जमिनीत रुजवलं, तर पूर्ण उंचीचं झाड होतं.

कुर्डुवाडीकरांना हे समजायला बार्शी लाइट रेल्वे आठवली तरी पुरे. १८९७ साली अडीच फुटी रुळांवर सुरू झालेली ही गाडी लहान होती, पण खेळण्यातली नव्हती. बोन्सायचंही तसंच. झाड खरंच असतं, फक्त मुळांना दिलेली जागा, छाटणी आणि तार यांच्या मदतीनं त्याचा आकार लहान राखलेला असतो.

हा झाडाचा छळ आहे का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. तिथला एक जपानी पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो त्याच शहरात होता आणि वाचला. १९७६ मध्ये यामाकी कुटुंबानं तो अमेरिकेला भेट दिला. उपाशी-तहानलेलं ठेवलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही.

'घरात बोन्साय असलं की प्रगती खुंटते' या समजुतीला वनस्पतिशास्त्रात आधार नाही. तसंही बोन्साय घरात ठेवायचंच नसतं. त्याची जागा गच्चीवर, अंगणात किंवा उजेडाच्या बाल्कनीत.

पहिलं झाड कोणतं घ्यावं?

महागडं परदेशी झाड नको. आपल्या उन्हात आधीच तग धरणारं झाड घ्या.

वड, पिंपळ, उंबर: नवशिक्यासाठी सर्वांत सोपी. मुळं छाटली तरी लवकर सावरतात. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेली रोपं म्हणजे निसर्गानं केलेली अर्धी तयारीच. मालकाला विचारून, पावसाळ्याच्या सुरुवातीला काढा. रेल्वेच्या किंवा सरकारी जागेतून परवानगीशिवाय काही उपटू नका.

चिंच: चिंचोक्यापासून करता येते. पानं मुळातच बारीक असल्यानं लहान झाडावर शोभतात. संयम मात्र हवा.

डाळिंब: सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे कच्चा माल दाराशी आहे. बाग काढली जाते, तेव्हा जुने, पीळदार बुंधे सरपणात जातात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून असा एखादा बुंधा मिळाला, तर बरीच वर्षं वाचतात. पण तेल्या रोग असलेल्या बागेतलं झाड आणू नका.

बोगनवेल: पाण्याची थोडी हेळसांड सोसते, शिवाय फुलते.

माती आणि कुंडी

आपली काळी माती ज्वारीला चांगली, बोन्सायला नाही. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात आणि सुकली की तिला भेगा पडतात. त्याऐवजी मुरूम चाळून घ्या. धूळ टाकून द्या आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवा. दोन भाग मुरूम, एक भाग विटांचे तुकडे आणि एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण सुरुवातीला पुरेसं आहे. कुंडीच्या भोकावर जाळी लावा.

उथळ कुंडीची घाई करू नका. पहिली एक-दोन वर्षं झाड साध्या मातीच्या कुंडीत वाढू द्या, तिथं बुंधा लवकर जाड होतो. पुढे दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर कुंडी बदला आणि साधारण एक तृतीयांश मुळं छाटा. फांदी वळवायला ॲल्युमिनियमची तार वापरा. पावसाळ्यात वाढ जोरात असते, म्हणून तार सालीत रुतत नाही ना, हे दर आठवड्याला पाहा.

खरी परीक्षा मे महिन्यात

सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उथळ कुंडी काही तासांत कोरडी पडते. सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. झाडाला सकाळचं ऊन द्या, दुपारी शेडनेट. कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा किंवा फळी हवी.

बोअरच्या पाण्यानं कुंडीवर पांढरा थर येत असेल, तर ते क्षार आहेत. पावसाचं पाणी साठवून वापरता आलं तर उत्तम. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

सोबती का हवेत आणि कुठे भेटतील?

लग्नाला तीन दिवस गेलात, वारीला गेलात, तर झाडाचं काय? शेजारच्या काकू प्रेमानं तांब्याभर पाणी घालतील, पण वरवर. मातीत बोट घालून ओल बघणारं कुणीतरी लागतं. छंदातला सोबती सर्वांत आधी यासाठी हवा. गप्पा आणि प्रदर्शनं नंतर.

शोध जवळून सुरू करा. नर्सरीवाल्याला विचारा, उथळ कुंड्या आणि तार कोण नेतं? कुंभाराला विचारा. गच्चीवर बाग करणारे आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे यांना गाठा. मोठं मंडळ लागत नाही, तिघं पुरेत. जूनमधल्या एका रविवारी एकत्र कुंड्या बदला. चाळणी एकाची, मुरूम दुसऱ्याचा, फांद्यांची अदलाबदल सगळ्यांची. आणि मे महिन्यात सुट्टीच्या तारखा एकमेकांना आधी सांगा.

पुढची पायरी पुणे. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायही पाहायला मिळतात. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री कुर्डुवाडीला परतता येतं. पुण्यातच फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एकत्र मांडून गिनीज विक्रम केला होता. अशा ठिकाणी झाडापेक्षा झाडाच्या मालकाला जास्त प्रश्न विचारा. तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या झाडाचा फोटो असेल, तर उत्तरंही नेमकी मिळतात.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बोन्साय दिवस असतो. जपानचे बोन्साय गुरू साबुरो काटो यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. कुर्डुवाडीत तो ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे नवं झाड आणायला तो दिवस वाईट. ते जूनवर सोडा. त्या दिवशी आपलं झाड हिरवं आहे का, हे बघा आणि सोबत्याच्या झाडालाही पाणी मिळालंय ना, हे एका फोनवर विचारून घ्या.