राज्य बुडालं तेव्हा काय टिकलं? पुआतिएच्या मठाची गोष्ट

  

आजची गोष्ट लांबची आहे. देश लांबचा आणि काळही चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीचा. पण त्यातला एक शब्द आपल्या ओळखीचा आहे, तिथून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे 'कॉन्व्हेंट'. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा, गळ्यातला टाय आणि भरमसाट फी आठवते. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे. देवाच्या नावाने लग्न न करता एकत्र राहणाऱ्या ख्रिस्ती बायका, म्हणजे नन, त्यांचा मठ म्हणजे कॉन्व्हेंट. शाळा त्याला नंतर जोडली गेली. असे मठ युरोपात कसे उभे राहिले, ते सांगायचं तर आधी एक मोठं राज्य कसं बुडालं ते सांगावं लागेल.

ते राज्य रोमचं. इटली देशातलं रोम हे शहर त्याची राजधानी. ऐन भरात असताना त्याची हद्द इंग्लंडपासून इजिप्तपर्यंत होती. त्या काळात रोमचा माल आपल्याकडेही येत होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं, तेव्हा रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली.

एवढं मोठं राज्य चालायचं कशावर? रहाटगाडग्यासारखं. शेतकरी कर भरायचा. करातून सैन्याचा पगार निघायचा. सैन्य सीमा आणि रस्ते सांभाळायचं. रस्ते सुरक्षित म्हणून माल फिरायचा, आणि माल फिरला की पुन्हा कर जमायचा. रोम शहराचं धान्य तर समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी यायचं.

मग गाडग्याची एकेक दोरी तुटत गेली. गादीसाठी सेनापती आपसात लढायला लागले. सीमेपलीकडच्या टोळ्या आत आल्या. काही लढून आल्या, काही राज्याच्याच सैन्यात नोकरीला लागल्या. इसवी सन ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम शहर लुटलं. ४३९ मध्ये व्हँडल लोकांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं. धान्य गेलं, तिथला करही गेला. कर नाही तर पगार नाही, पगार नाही तर सैन्य नाही. ४७६ मध्ये पश्चिमेकडच्या शेवटच्या बादशहाला, एका पोरसवदा मुलाला, गादीवरून उतरवलं. पूर्वेकडचं अर्धं राज्य, ज्याची राजधानी आजचं इस्तंबूल, ते मात्र पुढे हजारभर वर्षं चाललं.

राज्य बुडतं म्हणजे घरात काय होतं? पाण्याचंच बघा. रोममध्ये डोंगरातलं पाणी दगडी पाटांनी शहरात यायचं, काही ठिकाणी उंच कमानींवरून. ५३७ मध्ये शहराला वेढा पडला आणि शत्रूने हे पाट तोडले. लोक पुन्हा विहिरींवर आणि नदीवर आले. एके काळी ज्या शहरात सुमारे १० लाख माणसं राहत होती असा अंदाज आहे, तिथे पुढच्या काळात फारच थोडी उरली. मोठ्या वाड्यांच्या जागी शेळ्या चरायला लागल्या.

अशा वेळी गावाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? बघितलं ते बिशपकडे.

ख्रिस्ती धर्माला रोमच्या राज्यात ३१३ मध्ये मोकळीक मिळाली आणि ३८० मध्ये तो राज्याचाच धर्म झाला. प्रत्येक शहरात एक बिशप, म्हणजे त्या भागातला मोठा धर्मगुरू, असायचा. सरकारी माणसं निघून गेली, पण बिशप जागेवर राहिला. त्याच्याकडे लिहिता-वाचता येणारी माणसं होती, देवळाची जमीन होती आणि लोकांचा विश्वास होता. त्यामुळे गरिबांना धान्य देणं, भांडणं मिटवणं, लढाईत पकडलेली माणसं पैसे भरून सोडवणं, ही कामं त्याच्याकडे आली. आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरात सिझेरियस नावाचा बिशप होता. कैद्यांना सोडवायला पैसे कमी पडले तेव्हा त्याने चर्चमधली चांदीची भांडी विकली.

इकडे टोळ्यांचे सरदार राजे झाले. त्यातले फ्रँक लोक बलवान ठरले. फ्रान्स हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांचा राजा क्लोव्हिस याने इसवी सन ५०० च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. त्याची बायको क्लोटिल्डा आधीपासून ख्रिस्ती होती आणि ती त्याच्या मागे लागली होती, असं जुन्या इतिहासात लिहिलं आहे. राजाकडे तलवार होती, बिशपाकडे लेखणी होती. दोघांनाही एकमेकांची गरज होती. युरोपातला पुढचा हजार वर्षांचा समाज या जोडीवर उभा राहिला.

पण या जोडीच्या जोडीने तिसरी एक गोष्ट वाढत होती, ती म्हणजे मठ. आणि इथे आपली राडेगुंड येते.

राडेगुंड आजच्या जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या राजाची मुलगी. बापाला सख्ख्या काकाने मारलं होतं. ५३१ मध्ये फ्रँक राजांनी थुरिंगियावर चाल केली, घराणं संपवलं आणि लुटीबरोबर या लहान मुलीला आणि तिच्या भावाला नेलं. क्लोव्हिसचा मुलगा क्लोथार याच्या वाट्याला ती आली. वाट्याला आली म्हणजे अगदी भांड्याकुंड्यांसारखी वाट्याला आली. त्याने तिला एका वाड्यात वाढवलं, तिथे ती लिहाय-वाचायला शिकली, आणि मोठी झाल्यावर तिच्याशी लग्न केलं. त्याच्या अनेक बायकांपैकी ती एक. पुढे क्लोथारने तिच्या भावालाही मारवलं.

तेव्हा राणीने घर सोडलं. ती मेदार नावाच्या बिशपाकडे गेली आणि म्हणाली, मला देवाच्या कामाला घ्या. बिशप घाबरला. राजाची बायको, तिला दीक्षा कशी द्यायची? दरबारातल्या सरदारांनी तर त्याला दमच भरला. राडेगुंडने आत जाऊन स्वतःच ननची वस्त्रं अंगावर चढवली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. माणसाच्या भीतीने मला परत पाठवलंस तर देवाला उत्तर तुला द्यावं लागेल, अशा अर्थाचं ती बोलली. बिशपाने दीक्षा दिली.

काही वर्षांनी पुआतिए शहरात तिने बायकांचा मठ उभारला. पैसा आणि जमीन आली त्याच क्लोथारकडून. राणी असूनही ती मठाची प्रमुख झाली नाही. प्रमुखपद तिने अ‍ॅग्नेस नावाच्या तरुण बाईला दिलं आणि स्वतः तिच्या हाताखाली राहिली. पाळी आली की स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, लाकडं वाहायची. रोग्यांना आंघोळ घालायची, ज्यांना कुणी शिवत नसे त्या महारोग्यांनासुद्धा.

मठ चालवायला नियम हवे होते. ते तिने मघाशी सांगितलेल्या आर्लच्या सिझेरियसचे घेतले. त्याची बहीण आर्लच्या मठाची प्रमुख होती, तिच्या मठासाठी त्याने ते लिहून ठेवले होते. त्यातले काही ऐका. प्रत्येक ननने वाचायला शिकायचं. रोज सकाळी दोन तास वाचन. कुणाचीही स्वतंत्र मालमत्ता नाही. येताना जे असेल त्याची कायदेशीर लिखापढी करूनच आत यायचं. कुणाला खासगी दासी नाही. स्वयंपाक आणि घरकाम पाळीपाळीने. लोकर कातून कपडे घरीच करायचे. आजारी बाईला वेगळं अन्न आणि वेगळी काळजी. आणि नवी प्रमुख निवडताना तिचं कूळ, पैसा किंवा नातंगोतं बघायचं नाही.

आणखी एक नियम होता, तो कडक होता. एकदा आत आलेली बाई मरेपर्यंत मठाच्या भिंतीबाहेर जाणार नाही. आज ऐकताना हे तुरुंगासारखं वाटतं. पण तो काळ असा होता की राजाची मुलगीसुद्धा लुटीत वाटली जायची. त्या भिंतीने बायकांना कोंडलं, हे खरं. त्याच भिंतीने त्यांना राखलं, हेही खरं. पुढे राजाला वाटलं, बायको परत आणावी. राडेगुंडने बिशपांना मध्ये घातलं आणि त्याला माघार घ्यावी लागली.

शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. आपण गेल्यावर काय, याचा विचार तिने जिवंतपणीच केला. सगळ्या बिशपांना तिने पत्र लिहिलं: कुणी मठाचे नियम मोडायला आलं, जमीन लाटायला आलं किंवा प्रमुख बाईला त्रास द्यायला आलं, मग तो राजा असो की बिशप, तुम्ही मठाच्या बाजूने उभं राहा. तूर शहराचा बिशप ग्रेगरी इतिहास लिहीत होता. त्याने हे पत्र आपल्या पुस्तकात उतरवून घेतलं, म्हणून ते आजही वाचायला मिळतं.

५८७ मध्ये राडेगुंड वारली. तेव्हा मठात सुमारे २०० बायका होत्या. तिला मूठमाती द्यायला त्यांना बाहेर जाता येत नव्हतं. मिरवणूक भिंतीखालून गेली तेव्हा त्या खिडक्यांतून आणि तटावरून रडत होत्या, असं ग्रेगरीने लिहिलं आहे. तो स्वतः तिथे हजर होता.

आणि दोनच वर्षांत मठात भांडण पेटलं.

आता प्रमुख होती ल्युबोवेरा. मठातच क्रोडील्ड आणि बासिना नावाच्या दोन राजकन्या नन म्हणून राहत होत्या. आम्ही राजांच्या लेकी आणि आम्हाला इथे दासीच्या पोरींसारखं वागवतात, ही क्रोडील्डची तक्रार. ५८९ मध्ये चाळीसएक नन घेऊन ती बाहेर पडली आणि भर पावसात, चिखलातून चालत तूरला ग्रेगरीकडे गेली. ग्रेगरीने त्यांना समजावलं. मठ सुरू झाला तेव्हा बिशपांनी राडेगुंडला दिलेलं पत्र त्याने पुन्हा वाचून दाखवलं. क्रोडील्डने ऐकलं नाही. तिने पुआतिएला परतून गुंड जमवले, मठावर हल्ला केला आणि प्रमुख बाईला ओढून बाहेर काढलं. माणसं मेली. शेवटी राजांना शिपाई पाठवावे लागले.

५९० मध्ये बिशपांच्या पंचापुढे सुनावणी झाली. आरोप काय होते? जेवण वाईट मिळतं. कपडे पुरत नाहीत. न्हाणीघर बाहेरची माणसं वापरतात. प्रमुख बाई सोंगट्या खेळते. वेदीवरच्या कापडातून तिने भाचीसाठी कपडे शिवले. ल्युबोवेराने एकेकाचं उत्तर दिलं. पंचांनी तिला मोठ्या दोषातून मोकळं केलं, बारीकसारीक गोष्टींवर समज दिली आणि तिला पुन्हा मठात बसवलं. बासिनाने माफी मागितली आणि ती परत आली. क्रोडील्ड आली नाही.

मला या गोष्टीतलं हेच मोलाचं वाटतं. उभी करणारी बाई गेली, आत फूट पडली, बाहेरून हल्ला झाला, आणि तरी मठ मोडला नाही. कारण तो एकट्या राडेगुंडच्या नावावर उभा नव्हता. लिहिलेला नियम होता, दप्तरात पत्रं होती, आणि तक्रार झाली तर ऐकून घेणारे पंच होते. पुढे त्याच मठातल्या बाउडोनिव्हिया नावाच्या ननने राडेगुंडचं चरित्र लिहिलं. वाचायला शिकलंच पाहिजे, या नियमाचं हे फळ. राडेगुंडने लावलेली ती परंपरा पुआतिएजवळ आजही चालू आहे.

पण सगळं गोडगोडच सांगितलं तर ते खोटं ठरेल. मठाच्या जमिनी कसणारे लोक वेगळे होते. कुळांनी जमीन सोडून जायचं नाही, असा कायदा रोमच्या बादशहाने ३३२ मध्येच केला होता. राज्य बुडालं, पण जमिनीला माणूस बांधण्याची रीत युरोपात शतकानुशतकं राहिली. राडेगुंडच्या नावाने चरित्रं आहेत, तिच्या मठाचं धान्य पिकवणाऱ्या बाईचं नावही कुणी लिहिलं नाही. धर्माच्या नावाने जुलूमही झाला. ५७६ मध्ये क्लेरमाँ शहरात जमावाने यहुदी लोकांचं प्रार्थनामंदिर पाडलं. मग तिथल्या बिशपाने त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, बाप्तिस्मा घ्या नाहीतर शहर सोडा. विस्कटलेलं गाव सावरणारी आणि दुबळ्याला हाकलणारी सत्ता एकाच घरची होती.

तेव्हा मैत्रिणींनो, रोमचं राज्य एका दिवसात बुडालं नाही आणि नवा समाजही एका राजाने उभा केला नाही. मोठी चाकं थांबली तेव्हा लहान लहान मंडळींनी जे धरून ठेवलं, त्यातून तो घडला: शहरातला बिशप, रानातला मठ, वाचता येणाऱ्या चार बायका. आपल्या गटाची नियमावली कपाटात असेल, तर या आठवड्याच्या बैठकीत ती काढा आणि मोठ्याने वाचा. अध्यक्ष बदलली तर वही कुणाकडे जाईल, तक्रार आली तर कोण ऐकेल, आणि आपल्या गावातली कोणती बाई अजून कुठल्याच वहीत नाही, एवढं त्यात लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर इतिवृत्तात ठराव घ्या.