शेक अर्धवट सोडू नका

कर्करोगावरील रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. बहुधा पाच-सहा आठवडे, रोज काही मिनिटे हा उपचार चालतो. दहा-बारा शेक झाले की गाठ लहान वाटते, दुखणे कमी होते. तेवढ्यात पेरणी किंवा लग्नकार्य येते आणि रुग्ण घरी परततो. ‘डॉक्टर, आता बरं वाटतंय, उरलेले शेक नाही घेतले तर चालेल ना?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. चालणार नाही, आणि त्याला कारण आहे.

हा शेक उष्णतेचा नव्हे. यंत्रातून निघालेले किरण शरीरातील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. खरे काम हे सुटे इलेक्ट्रॉन करतात. पेशीत सुमारे ७० टक्के पाणी असते. इलेक्ट्रॉन पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून अत्यंत दाहक घटक तयार होतात आणि ते पेशीतील डीएनए तोडतात. काही इलेक्ट्रॉन डीएनएवर थेटही आदळतात.

डीएनए म्हणजे पीळ दिलेली दुहेरी दोरी. तिची जाडी मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढी! तेथे काय घडते हे डोळ्यांना दिसणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञ ते संगणकावर घडवून पाहतात. फासे टाकावेत तसा प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पुढचा टप्पा संगणक शक्यतेनुसार ठरवतो. या रीतीला ‘मॉन्टे कार्लो’ म्हणतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या पुढाकाराने यासाठी ‘जिआंट-फोर-डीएनए’ ही संगणक प्रणाली तयार झाली. अंतराळवीरांना किरणांचा धोका किती, हा मूळ प्रश्न होता. इ. स. २००० मध्ये कॅनडातील संशोधकांनी प्रयोगाने दाखवले, की अगदी कमी शक्तीचे इलेक्ट्रॉनही डीएनए तोडू शकतात. तेव्हापासून अशा गणितात त्यांचाही विचार होऊ लागला.

यातून समजते ते असे. दोरीचा एकच पदर तुटला, तर दुसऱ्या पदरावरून पेशी तो सहसा सांधते. दोन्ही पदर जवळजवळ तुटले, तर सांधणे कठीण होते आणि पेशी मरू शकते. एक ग्रे मात्रेने एका पेशीत सुमारे हजार ठिकाणी एक पदर तुटतो. दोन्ही पदर मात्र तीस-चाळीस ठिकाणीच तुटतात.

निरोगी पेशी काही तासांत बरीच दुरुस्ती करतात. कर्करोगाच्या अनेक पेशींना ती तितकी नीट जमत नाही. म्हणूनच मात्रा रोज थोडीथोडी देतात. मध्येच खंड पडला, तर उरलेल्या रोगपेशी पुन्हा वाढू लागतात. तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात असा खंड विशेष महागात पडतो.

तेव्हा तोंड आले, कातडी लाल झाली, तरी परस्पर शेक बंद करू नका. तेथील डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधे आहेत. शेकाच्या जागी मनाने तेल-मलम लावू नका. बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकाचे किरण अंगात राहत नाहीत, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. ठरलेले सगळे शेक पूर्ण करा.