गोधडी शिवण्यास आरंभ कसा करावा

बुलढाणा जिल्हा कापसाचा. खामगांवच्या कापूसबाजारासाठीं १८७० सालींच जलंबपासून रेल्वेचा फांटा आला. परंतु ज्या घरांत बोंडें वेचलीं जातात, त्याच घरांत आज हिवाळ्यासाठीं कृत्रिम धाग्याचीं ब्लँकेटें विकत आणलीं जातात, आणि वापरून मऊ झालेलीं सुती लुगडीं व धोतरें बोहारणीस देऊन एखादें भांडें घेतलें जातें. हा व्यवहार तोट्याचा आहे असें आमचें मत आहे. त्याहून मोठा तोटा असा कीं, गोधडी शिवणाऱ्या वृद्ध स्त्रिया कमी होत चालल्या आहेत व त्यांच्या हातची विद्या फारसें कोणी उचलून घेत नाहीं. ती अद्याप मिळण्याजोगी आहे. म्हणून हा लेख.

कापड.— वापरलेलें सुती कापड सर्वांत उत्तम. तें स्वच्छ धुऊन कडक उन्हांत वाळवावें व विरलेला भाग फाडून टाकावा. नवें कापड घालावयाचें झाल्यास तें आधीं भिजवून वाळवावें. नाहीं तर पहिल्याच धुण्यांत तें आटतें आणि सारी गोधडी आखडते. कृत्रिम धाग्याची साडी घालूं नये. ती घाम शोषीत नाहीं, सुईखालीं सरकते, आणि चुलीची ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटते.

आरंभ लहानापासून.— प्रथमच मोठी गोधडी हातीं घेऊं नये. तान्ह्या मुलाचें दुपटें, सुमारें दोन हात लांब व दीड हात रुंद, शिवावें. खालीं एक अखंड कापड, मध्यें दोन थर व वर ठिगळांचा एक, असे चार थर पुरेत. अधिक थर झाल्यास नवशिक्याची सुई आरपार जात नाहीं. मधल्या थरांत तुकडे चालतात. मात्र त्यांचे कांठ एकावर एक येऊं देऊं नयेत.

कृति.— स्वच्छ जमिनीवर थर पसरून हातानें सुरकुत्या बाहेर काढाव्या. मग मध्यापासून कडेकडे वीतभर अंतरावर लांब कच्चे टांके घालावे. ही पायरी गाळल्यास गोधडी मध्यें फुगते. नंतर कडा आंत दुमडून चारही बाजू शिवाव्या आणि तेथून धावदोऱ्याच्या ओळी एकामागून एक मध्याकडे न्याव्या. दोन ओळींत एका बोटाचें अंतर असावें. दोरा दुहेरी घेऊन मेणावरून ओढावा, म्हणजे गुंतत नाहीं. सुई लांब व बारीक हवी. पोतें शिवण्याच्या दाभणानें कापडास भोंकें पडतात. काम पुरें झाल्यावर कच्चे टांके उसवावे.

शिकावें कोणापासून.— पहिला गुरु म्हणजे घरांतील आजी किंवा शेजारची वृद्धा. तिला नुसतें विचारून भागत नाहीं. तिच्याजवळ बसून शिवावें लागतें. दुसरा गुरु जुनी फाटकी गोधडी. तिचा एक कोपरा उसवून पाहिला कीं थर किती, दोरा कोणता, टांका केवढा, हें सर्व कळतें. ठिगळांसाठीं सुती तुकडे गांवच्या शिंप्याकडे मिळतात. जेथें महिलांचे बचत गट आहेत, तेथें चौघींनीं एका गोधडीभोंवतीं बसल्यास शिकणें व शिवणें दोन्ही लवकर होतें.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यांतील कापसाच्या मुलखांत कृष्णवर्णीय स्त्रियांनीं १९६६ सालीं गोधड्यांची सहकारी संस्था काढली. त्याच भागांतील जीज बेंड गांवच्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टन व न्यू यॉर्क येथील संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्यांपैकीं कित्येक गोधड्या शेतांत झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्याच होत्या.

शेवटीं शेतकरी बंधूंस एक विनंति. गोधडी मजुरीनें शिववून घ्यावयाची असल्यास मजुरी कामाच्या दिवसांच्या हिशेबानें द्यावी. मोठ्या गोधडीस हाताचे कित्येक दिवस लागतात. चिंध्यांचें काम म्हणून तिचें मोल कमी लेखूं नये. चैत्र-वैशाखांत शेतीचीं कामें हलकीं असतात. त्या दुपारीं एक दुपटें तरी पुरें झालें, तर घाटावर चिखली-मेहकराकडे थंडी पडेपर्यंत घरांत गोधडी शिवणारा एक हात तयार झालेला असेल.