सुट्या भागांतून उभी राहणारी जावा

जुन्या जावा मोटरसायकलचे इंजिन उभे दुभंगते. डावे केसिंग, उजवे केसिंग, आणि मध्ये क्रँक. अशा इंजिनांची ही दोन अर्धी कारखान्यात जोडीने कातलेली असतात, म्हणजे दोन्ही बाजूंची बेअरिंगची घरे एका रेषेत येतात. आता समजा, डावे अर्धे एका भंगारवाल्याकडून मिळाले आणि उजवे दुसऱ्याकडून. बोल्ट बसतील, गॅस्केटही बसेल, पण बेअरिंगच्या रेषेत केसाएवढा फरक राहिला तरी क्रँक हाताने फिरवताना एका जागी अडतो. टू-स्ट्रोक इंजिनात हे फार महागात पडते, कारण पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या कोठीतच दाबले जाते. डायनॅमोच्या बाजूचे ऑइल सील गळले, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि तापलेला पिस्टन चालत्या गाडीत जाम होतो. क्लचच्या बाजूचे गळले, तर गिअरचे तेल ओढले जाते आणि मागे धुराचा लोट सुटतो. सुट्या भागांतून गाडी उभी करू पाहणाऱ्याने टाकी-मडगार्डच्या मोहात पडण्याआधी एकाच जोडीची दोन केसिंग शोधावीत, असे मी प्रत्येकाला सांगतो.

ही गाडी मूळची झेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्टिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचे हक्क विकत घेतले आणि १९२९ मध्ये जावा सुरू झाली. आपल्याकडे म्हैसूरच्या यादवगिरीत 'आयडियल जावा'चा कारखाना उभा राहिला. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी तो उभारला आणि १९६१ मध्ये महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, २४८.५ सीसी; सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. सत्तरच्या दशकात टाकीवरचे नाव 'येझदी' झाले, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

ही पस्तीस वर्षेच आजच्या गोंधळाचे मूळ आहेत. गाडीचा गाभा फारसा बदलला नाही, म्हणून एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीत 'बसतो'. कारखाना बंद झाल्यावर गावोगावच्या फिटरांनी याच गुणावर या गाड्या जगवल्या. जावाच्या चासीत येझदीचे इंजिन, १६ इंची चाकांच्या जागी रोडकिंगची १८ इंची, जिकॉव्ह कार्बोरेटर काढून मिककार्ब, सहा व्होल्टचा डायनॅमो जाऊन बारा व्होल्टची वायरिंग. त्या माणसांना दोष देणे मला अजिबात पटत नाही. दूध घालणाऱ्याला, शाळामास्तरला, तालुक्याला रोज जाऊन येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती, आणि फिटरने हाताशी होते ते लावून ती रस्त्यावर आणली. आज आपल्यापुढे येतो तो ढीग म्हणजे या तडजोडींचा साठा.

ढीग गोळा करायच्या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला. पण त्याहून मोलाच्या जागा म्हणजे तालुक्याच्या गावातली बंद गॅरेजे. तिथे पत्र्याच्या डब्यात एखादा मूळ स्पीडोमीटर किंवा दाते नसलेली ती खास चावी अजून पडलेली असते. झेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचे भाग आजही नव्याने बनतात आणि मागवता येतात. भारतात बनणारा नकली माल मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावा. दिसायला मडगार्ड हुबेहूब असते, पण पत्रा पातळ आणि भोके दोन-तीन मिलिमीटर सरकलेली. २०१८ पासून पुन्हा बाजारात आलेल्या नव्या जावांचा इथे उपयोग नाही. त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे.

खरे काम सुरू होते ते लेथवर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ही कारागिरी अजून जिवंत आहे. क्रँक दाबून सोडवायचा, नवी पिन, नवे बिगेंड बेअरिंग घालायचे, पुन्हा दाबून बसवायचा आणि दोन टोकांत धरून डायल गेज लावायचा. काटा हलला की तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. चांगला कारागीर ठोका कुठे द्यायचा हे काट्याकडे पाहून ठरवतो, घाई करत नाही. सिलिंडरला बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा. आधीच शेवटच्या मापापर्यंत गेलेला असेल तर नवी स्लीव्ह. ॲल्युमिनियममधले आटे गेले असतील तर तिथे हेलिकॉइल. कुणीतरी मागे जबरदस्तीने घुसवलेला दुसऱ्या गाडीचा बोल्ट काढण्यात अख्खी दुपार जाते.

जावाची किक आणि गिअर एकाच दांड्याने चालतात. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. शिवाय गिअर टाकताना तोच दांडा आतून क्लचही सोडवतो, त्यामुळे क्लचचा लिव्हर न दाबताही गिअर बदलता येतो. दांडा एका गाडीचा, शाफ्ट दुसरीचा आणि झिजलेला कॅम तिसरीचा असेल, तर ही सगळी सोय बिघडते. गिअर खटकन पडतो, किक मारताना दांडा निसटून पोटरीला लागतो. या तीन भागांची जुळवणी नीट जमली, तर बाकी गाडी जमेल असे मी मानतो. तुलनेने चाकांचा आउट काढणे, क्रोमिंग, रंग, टाकीवरची सोनेरी रेघ हे सोपे. पैसे मोजले की होते.

आता कायद्याचे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. महत्त्वाची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. साठच्या दशकातली चासी आणि ऐंशीच्या दशकातले इंजिन अशी जोडगोळी या व्याख्येत बसणे कठीण.

इथेच मोह होतो. इंजिनावरचा नंबर घासून आर.सी. बुकातला नंबर पंच करून देणारे लोक आहेत. हा गुन्हा तर आहेच, पण त्याने त्या इंजिनाची ओळख कायमची पुसली जाते. पुढे त्याच इंजिनाची खरी चासी कुठे सापडली तरी ती जोडी पुन्हा जुळवता येत नाही. दुसरे दुखणे याहून मोठे. एक गाडी 'शंभर टक्के ओरिजिनल' करण्यासाठी तीन चालत्या, पूर्ण गाड्या फोडल्या जातात. शोरूमसारखी चकाकणारी ती गाडी पाहून मला आनंद होत नाही. चार वेगवेगळ्या सालांचे भाग घेऊन, ते तसेच आहेत हे उघड सांगून, सुरळीत चालणारी गाडी मला जास्त मोलाची वाटते. असे काम करणाऱ्याने एक वही ठेवावी: कोणता भाग कुठून आला, कोणत्या सालचा, कोणते माप कातले, कोणत्या लेथवर. गाडी विकताना ती वही गाडीबरोबर द्यावी.

आणि वाचकहो, या दिवाळीत माळा, गोठा किंवा परसातली खोली झाडताना गंजलेले इंजिन, वाकलेली टाकी, आजोबांच्या नावाचे आर.सी. बुक हाती लागले, तर ते किलोच्या भावात भंगारात घालू नका. केसिंगची दोन अर्धी वेगळी करू नका. इंजिन आणि कागद एकत्र बांधून ठेवा आणि ज्याला ती गाडी उभी करायची आहे अशा माणसाच्या हाती द्या.