भरतीच्या गझलेतला शेर

गझल लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात 'भरतीचा शेर' हा शब्द नेहमी येतो. मतला जमलेला असतो, एक-दोन शेरही चांगले उतरलेले असतात; पण गझल पुरी व्हायला आणखी शेर हवे असतात. मग काफिया जुळवून उरलेली जागा भरून काढायची. कधी कधी मात्र उलटं घडतं. सगळी गझलच भरतीची आणि मधेच एक शेर असा, की ऐकणारा बाकीचं विसरून तेवढाच घरी घेऊन जातो. १९६०च्या दशकातल्या हिंदी प्रेमपटांत मेहमूदला पाहताना असंच होतं.

त्या प्रेमपटांची बांधणी आधी समजून घेऊ. पडद्यावर नुकता रंग आला होता. थंड हवेची ठिकाणं, परदेशातले रस्ते आणि सुरेल गाणी यांवर चित्रपट चालत. नायक-नायिका भेटत, भांडत, गैरसमज होई, तो मिटे. एवढ्याशा गोष्टीवर तीन तासांचा खेळ रेटायचा कसा? म्हणून मुख्य कथेच्या शेजारून एक विनोदी उपकथा धावे. तिला वेगळी नायिका, वेगळा रागीट बाप आणि बहुधा स्वतंत्र गाणंही असे. मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ या त्रिकुटानं हा साचा गाजवला. 'ससुराल' (१९६१), 'जिद्दी' (१९६४), 'लव्ह इन टोकियो' (१९६६) ही त्यातली ठळक नावं. धुमाळ मराठी रंगभूमीवरून आलेले, शुभा खोटे नटवर्य नंदू खोटे यांच्या कन्या. शब्द कुठे सोडायचा आणि कुठे रोखायचा, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. 'लव्ह इन टोकियो'मध्ये मेहमूद जपानी गेशाचा वेश घेतो, तेव्हा पडद्यावरची प्रेमकथा काही काळ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

याचा सगळ्यात बोलका नमुना १९६६च्याच 'प्यार किये जा'मध्ये आहे. शशी कपूर, किशोरकुमार, मुमताज अशी मंडळी असूनही त्यातली प्रेमकथा नेहमीचीच आहे. श्रीमंत बाप, गरीब प्रेमिक आणि सोंग घेऊन बापाला फसवण्याचा खटाटोप. मेहमूद इथे त्या धनिकाचा मुलगा आत्मा आहे. त्याला चित्रपट काढायचा आहे आणि पैसा बापाकडून हवा आहे. गोष्ट काय, असं बाप विचारतो. बाप झाला आहे ओमप्रकाश. मग आत्मा भुताची गोष्ट सांगायला लागतो.

त्या प्रवेशात गाणं नाही, धावपळ नाही. दोनच माणसं. वारा, दरवाजाची करकर, पावलं, सगळे आवाज मेहमूद तोंडानंच काढतो. तो हसवायचा जराही प्रयत्न करत नाही. मन लावून घाबरवतो. हसू येतं ते ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर. तुच्छतेनं ऐकायला बसलेला बाप बघता बघता लहान मूल होतो. मेहमूद दोन आवाजांमध्ये थोडी शांतता ठेवतो आणि त्या शांततेत भीती आपोआप वाढत जाते. मुशायऱ्यात पहिली ओळ म्हणून शायर क्षणभर थांबतो, तसंच हे थांबणं. निम्मा मान अर्थातच ओमप्रकाशचा.

हा प्रवेश मुळात मेहमूदसाठी लिहिलेला नव्हता. दिग्दर्शक श्रीधर यांनी आपल्याच 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती केली होती. तिथे ही गोष्ट नागेशनं टी. एस. बालय्यांना सांगितली होती. दुसऱ्यानं गाजवलेली जागा मेहमूदनं आपली करून दाखवली. फिल्मफेअरनं विनोदी अभिनयासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान या भूमिकेला मिळाला.

तरी एक प्रश्न उरतो. ही भुताची गोष्ट काढून टाकली, तर प्रेमिकांच्या लग्नात काही अडतं का? फारसं नाही. विनोदी नटाची खरी अडचण इथेच आहे. लोक त्याच्यासाठी तिकीट काढतात, पण कथेला त्याची गरज नसते. कथेला गरज नाही म्हणून त्याच्या पात्राला भूतकाळ नसतो, दुःख नसतं, बदलण्याची संधी नसते. मग पुढच्या चित्रपटात तेच हावभाव, तोच बाप, तीच पळापळ.

मेहमूदनं यातून स्वतःच वाट काढली. 'पडोसन' (१९६८) या चित्रपटाच्या निर्मितीत तो होता. इथे नायक सुनील दत्तच भोळसट आहे आणि मेहमूदचा संगीतशिक्षक त्याचा प्रेमातला प्रतिस्पर्धी. त्याला काढलं, तर कथाच उरत नाही. त्यातलं दाक्षिणात्य माणसाचं व्यंगचित्र आज खटकतं, हेही सांगायला हवं. पण विनोद कथेच्या कण्यात असला की प्रेमकथाही कशी ताठ उभी राहते, हे तिथे दिसतं. पुढे 'कुँवारा बाप' (१९७४) मध्ये पोलिओ झालेल्या मुलाला वाढवणारा रिक्षावाला त्यानं उभा केला. त्याच्या स्वतःच्या मुलाला पोलिओ झाला होता. लोकांना रडवण्याची ही ताकद त्याच्यात काही एकाएकी आली नसणार. आधीच्या चित्रपटांनी ती मागितलीच नव्हती.

२००४ साली मेहमूद गेला. 'प्यार किये जा'मधली प्रेमप्रकरणं आज किती जणांना सांगता येतील, कोण जाणे. ती भुताची गोष्ट मात्र लोक अजूनही वेगळी काढून पाहतात आणि हसतात. गझलेतला शेर असा सुटा काढता येतो, तो एकटा जगतो. हे त्याचं भाग्यच. सुमार जागी उभं राहूनही मेहमूदनं काम सुमार केलं नाही, म्हणून ते त्याला लाभलं. पण कुठल्याही शायराला विचारा, एका शेरावर त्याचं मन भरत नाही. त्याला सबंध गझल हवी असते.