चिकित्सालयातील औषधी वनस्पती आणि कृत्रिम प्रकाशाची मात्रा

पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरसाचे स्थान पहिले आहे, हे वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. शार्ङ्गधराचार्यांनी मध्यमखंडाचा आरंभच स्वरसाने केला आहे. परंतु स्वरसासाठी ताजी व अविकृत वनस्पती हवी. आणि शहरांतील आपल्यापैकी अनेकांची चिकित्सालये आज इमारतींच्या तळमजल्यावर, जेथे ऊन फिरकत नाही अशा खोल्यांत आहेत. अंगण गेले, परसदार गेले. उरली ती खिडकीतील एखादी कुंडी. अशा वेळी विजेच्या दिव्याखाली औषधी रोपे वाढविण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचार कितपत योग्य आणि तो करावयाचा झाल्यास कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

आरंभी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून 'रोपांसाठी खास' म्हणून मिळणारा जांभळट प्रकाशाचा दिवा आणला आणि छताजवळ, कुंड्यांपासून सुमारे चार फुटांवर टांगला. दीड महिन्यात तुळस उंच झाली, म्हणून आम्ही समाधान मानले. कासाच्या एका रुग्णास तिचा स्वरस आठ दिवस दिलाही. अपेक्षित उपशय दिसेना, तेव्हा पाने चुरगळून पाहिली, तर गंध नाममात्र! कांडे बारीक, पेरांतील अंतर वाढलेले, पाने लहान व फिकट. रोप वाढले नव्हते. प्रकाशाच्या शोधात ताणले गेले होते. उपशय न मिळण्याची अन्य कारणेही असू शकतील. परंतु आपण दिलेल्या द्रव्याची खात्री आपल्यालाच नव्हती, ही गोष्ट मनास लागून राहिली.

प्रकाश हा वनस्पतीचा आहार

मनुष्यास प्रकाश पाहण्यासाठी लागतो, वनस्पतीस पोषणासाठी. आपला डोळा अल्प प्रकाशाशीही जुळवून घेतो, म्हणून जी खोली आपणांस उजळ वाटते ती रोपासाठी उपासमारीची असू शकते. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. ट्यूबलाइट लावलेल्या आमच्या तपासणी-कक्षात मेजावर तो ३०० ते ५०० लक्स भरला. म्हणजे शंभरावा भागही नव्हे, फार तर दोनशेवा भाग!

वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते. या प्रकाशाचे कण दर सेकंदास दर चौरस मीटरवर किती पडतात, हे मायक्रोमोलमध्ये मोजतात. आणि दिवसभरात पडलेली एकूण राशी मोलमध्ये सांगतात. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सच्या आकड्यास ७० ने भागले असता मायक्रोमोलचा स्थूल अंदाज येतो. वरील ५०० लक्सचे होतात ७ मायक्रोमोल. बारा तासांत जेमतेम ०.३ मोल. मंडूकपर्णी, पानओवा यांसारख्या अर्धछाया सहन करणाऱ्या वनस्पतींना दिवसाला ५ ते ६ मोल, तर तुळशीस १२ मोलांच्या आसपास प्रकाश द्यावा, असे धोरण ठेवावे.

आहाराप्रमाणेच येथेही द्रव्य, मात्रा आणि काल या तिन्हींचा विचार करावा लागतो.

द्रव्य : दिवा कोणता निवडावा?

१९७० च्या दशकाच्या आरंभी मॅक्री यांनी अनेक पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजले. तांबडा प्रकाश सर्वाधिक उपयोगी ठरला. पण हिरवा प्रकाशही, सामान्य समजुतीच्या विरुद्ध, बऱ्याच अंशी उपयोगी पडतो, असे त्यातून दिसले. म्हणून केवळ तांबडा-निळा दिवा घेण्याची आवश्यकता नाही. ४००० ते ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी पट्टी पुरेशी असते. वैद्यासाठी तिचा आणखी एक लाभ आहे. पानाचा वर्ण पाहून आपण द्रव्याची परीक्षा करतो. जांभळ्या प्रकाशात सगळीच पाने काळपट दिसतात आणि पिवळेपणा, डाग अथवा कीड ध्यानात येत नाही.

खरेदी करताना केवळ वॉट पाहू नयेत, ल्युमेन पाहावेत. चार फुटी, २० वॉटच्या पट्टीवर २००० ल्युमेनच्या आसपास आकडा असावा.

मात्रा : दिवा कोठे बसवावा?

सर्वाधिक चुका येथे होतात. एकाच ठिकाणाहून पसरणाऱ्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चतुर्थांश होतो. एका फुटावर जे मिळते, त्याचा सोळावा भाग चार फुटांवर उरतो. आमच्या तुळशीचे दैन्य यातच होते. लांब पट्टीच्या बाबतीत ही घट इतकी तीव्र नसते व प्रकाशही सारखा पसरतो, म्हणून मांडणीसाठी पट्टीच सोयीची.

चार फूट लांब व एक फूट रुंद फळी घ्यावी. पट्टी शेंड्यांपासून २० ते ३० सेंटिमीटरवर राहील अशी साखळीने टांगावी, म्हणजे रोप वाढेल तशी वर घेता येते. अशा फळीवर दोन पट्ट्या मंडूकपर्णीस पुरतात. तुळशीसाठी चार लागतात. मागील व बाजूच्या भिंती पांढऱ्या ठेवल्यास वाया जाणारा प्रकाश परत येतो. पानांच्या पातळीवर हाताची पाठ धरून पाहावी; ऊब जाणवली तर अंतर वाढवावे.

मोजमापासाठी महाग उपकरण नको. मोबाईलवरील लक्समापक पानांच्या उंचीवर, पडदा वर करून ठेवावा. आकडा अचूक नसला तरी तुलनेस पुरतो. पांढऱ्या दिव्याखाली मंडूकपर्णीसाठी ७ ते ८ हजार आणि तुळशीसाठी १५ हजारांच्या पुढे लक्स मिळावेत. जांभळ्या दिव्याखाली मात्र हे मापन निरर्थक होय.

काल : किती तास?

मंडूकपर्णीस १४ तास, तुळशीस १६ तास. अहोरात्र दिवा ठेवू नये. वनस्पतीच्या कित्येक क्रिया अंधाराच्या अवधीवर अवलंबून असतात. १९२० साली गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी फुलोऱ्याचा दिनमानाशी असलेला संबंध दाखवून दिला, तो याच विषयातला. हे काम आठवणीवर न सोपविता टायमर बसवावा. दोन पट्ट्या १४ तास चालविल्यास महिन्यास सुमारे १७ युनिट, चार पट्ट्या १६ तास चालविल्यास सुमारे ३८ युनिट वीज लागते. पाणी घालताना दिवे बंद ठेवावेत व जोडण्या कुंड्यांच्या पातळीच्या वर असाव्यात. पट्ट्यांवरील धूळ पंधरवड्यास पुसावी.

मर्यादा

चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधी ग्रहणासाठी भूमी सांगताना ती यथाकाल थंडी, ऊन, वारा व पाणी यांनी सेवित असावी, असे म्हटले आहे. दिवा यांपैकी एकाचीच, तीही अंशतः, पूर्तता करतो. सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. साध्या एलईडीत ते जवळजवळ नसतात. वनस्पतीतील सुगंधी तैलादी द्रव्ये प्रकाशाच्या मात्रेप्रमाणे व प्रकाराप्रमाणे बदलतात. म्हणून दिव्याखालची तुळस उन्हातील तुळशीच्या तोडीची आहे, असे आम्ही मानीत नाही. अडुळसा व गुळवेल यांचा तर खोलीत प्रयत्नच करू नये. त्यांस मोकळी भूमीच हवी. कोरफड मंद प्रकाशात तग धरते, पण पाने लोळू लागतात व मांसल राहत नाहीत.

यास्तव आम्ही स्वतःपुरता नियम केला आहे. दिव्याखालील रोपाचे पान रुग्णासाठी खुडण्यापूर्वी त्याचा वर्ण, गंध व रस पाहावा. त्यांत उणीव वाटल्यास ते रोप विद्यार्थ्यांस ओळख करून देण्यापुरते ठेवावे आणि स्वरसासाठी उन्हातील वनस्पती मागवावी. तीही न मिळाल्यास शार्ङ्गधराचार्यांनी पर्याय दिलेलाच आहे : शुष्क द्रव्याचे चूर्ण दुप्पट जलात अहोरात्र भिजवून गाळून घ्यावे. निस्तेज रोपाच्या ताज्या रसापेक्षा योग्य काळी, योग्य भूमीतून घेतलेले शुष्क द्रव्य आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते.

रुग्ण आपल्याकडून घेतो ती वनस्पती कोठे व कशी वाढली, हे तो पाहू शकत नाही. ते पाहण्याची जबाबदारी आपली आहे. वैद्यबंधू-भगिनींनी असे प्रयोग अवश्य करावेत. मात्र दिवा लावला म्हणजे ऊन आले, असे मानू नये.