मंदिरप्रवेश : महाराष्ट्रातील नऊ दशकांचा मागोवा

महाराष्ट्रात धर्म आणि सार्वजनिक जीवन यांच्या संबंधाचा वाद ईश्वर आहे की नाही यावर फारसा पेटला नाही. तो पेटला मंदिराच्या दारावर. आत कोणी जायचे, दानपेटीवर हक्क कोणाचा, पूजा कोणी करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला विसाव्या शतकाचा बराचसा भाग आणि एकविसाव्याची पहिली दीड दशके लागली.

अमरावतीचे अंबादेवी मंदिर आणि पुण्याची पर्वती येथील प्रयत्नांनंतर २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते, तर स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. व्यवस्थापनाने दरवाजे बंद केले. रामनवमीला रथ ओढण्यावरून झालेली तडजोड मोडली, दगडफेक झाली आणि लढा पुढे काही वर्षे रेंगाळला. आंबेडकरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते की, मंदिरात गेल्याने अस्पृश्यांचे आर्थिक वा राजकीय प्रश्न सुटणार नाहीत; ही हिंदू मनाची परीक्षा आहे. म्हणूनच १९३३ मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील मंदिरप्रवेश विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला नाही. त्या विधेयकात अस्पृश्यतेला पाप म्हटलेले नव्हते आणि प्रवेश बहुमताच्या मर्जीवर सोडला होता. ऑक्टोबर १९३५ मधील येवल्याची धर्मांतराची घोषणा हे त्या परीक्षेच्या निकालावरचे त्यांचे उत्तर होते.

याच काळात त्याच दाराकडे इतरांनी वेगळ्या नजरेने पाहिले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना सर्व जातींना खुले असलेले स्वतंत्र मंदिर हवे होते. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले, पण त्यामागची प्रेरणा भक्तीपेक्षा हिंदू संघटनाची होती. गाडगे महाराज पंढरपूरला जात, मात्र विठ्ठलाच्या दर्शनापेक्षा वाळवंट झाडणे आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणे यात त्यांचा जीव होता. तेथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. या तुलनेत साने गुरुजींची भूमिका भक्ताची होती. चोखोबांच्या वंशजांना विठोबा भेटत नसेल तर ही लाज संपूर्ण वारकरी परंपरेची, असे ते मानत. महाराष्ट्रभर दौरा केल्यावर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले, आणि दहा दिवसांनी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाले. आंबेडकरांच्या सत्याग्रहाला सनातनी मंडळींनी जो विरोध केला त्या मानाने येथे तडजोड लवकर झाली. गांधीवादी ब्राह्मण उपोषणकर्त्याला नकार देणे अवघड होते, हे त्यामागचे एक कारण मानायला जागा आहे.

त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पाठोपाठ राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली आणि २५व्या अनुच्छेदाने सार्वजनिक हिंदू धर्मस्थळे सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५६ चा मुंबई कायदा आणखी पुढे गेला. कोणत्याही वर्गाच्या हिंदूला सार्वजनिक पूजास्थानात अडवणे हा त्याने गुन्हा ठरवला.

दार उघडले, तरी किल्ल्या जुन्याच हातांत राहिल्या. पंढरपुरात विठ्ठलाची सेवा बडव्यांकडे आणि रुक्मिणीची उत्पातांकडे वंशपरंपरेने होती. देवापुढच्या उत्पन्नाच्या हक्कांचा आपापसांत लिलाव होई आणि तो पैसा वसूल करण्यासाठी भाविकांना त्रास दिला जाई. तक्रारी वाढल्यावर सरकारने १९६८ मध्ये बी. डी. नाडकर्णी यांचा आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवर आधारलेल्या १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने वंशपरंपरागत हक्क रद्द केले. परंतु कायदा होणे आणि तो मंदिरात पोहोचणे यांत दीर्घ कोर्टबाजी होती. १९८५ मध्ये कारभार समितीकडे आला, आणि हक्कांचा अखेरचा दावा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले.

स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर त्यांना बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या वसंतात राज्य सरकारला १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिली. म्हणजे उत्तर साठ वर्षे कायद्याच्या पुस्तकात पडून होते. पाडव्याला, ८ एप्रिलला, विश्वस्तांनी बंदी उठवली. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात ट्रस्टने २०१२ मध्ये स्त्रियांना मजारीजवळ जाण्यास मनाई केली होती. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता असल्याने तेथे निर्णय मूलभूत हक्कांवर झाला : ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने समानता व धर्मस्वातंत्र्य यांच्या आधारे ती मनाई घटनाबाह्य ठरवली. ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात माघार घेतली आणि वर्षअखेरीपूर्वी स्त्रिया पुन्हा आत जाऊ लागल्या.